साहेब, विमा घराचा होता की नवऱ्याचा?

कोंडापूर, हैदराबाद
डिसेंबर २०२५

मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण,
फायनान्शियल डिस्ट्रिक्ट, नानकरामगुडा, हैदराबाद



तुमची कचेरी आणि माझं नवं घर यांच्या मध्ये गचिबावलीचा उड्डाणपूल आहे, आणि संध्याकाळी सहानंतर त्या पुलावर माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळतो. हे पत्र तिथेच सुचलं.

मराठीत लिहिते आहे याचं नवल वाटू देऊ नका. माझं माहेर इथल्याच काचीगुड्याचं, सासर उमरग्याचं. १९५६ पर्यंत ही दोन्ही ठिकाणं एकाच राज्यात होती आणि त्या राज्याची राजधानी हेच शहर होतं. आता लातूर-नांदेड-सोलापूरकडची मुलं इथल्या कंपन्यांत नोकरीला येतात, पाच-सात वर्षं भाड्याने काढतात आणि मग मियापूर, निजामपेट, कोंडापूर असं कुठेतरी फ्लॅट घेतात. पत्र तुम्हाला आहे, पण खुलं अशासाठी की ते त्यांनीही वाचावं. मी शाळेत गणित शिकवते. विम्याशी माझा संबंध यंदाच्या मार्चपर्यंत स्कूटरपुरता होता.

मार्चमध्ये आम्ही घर घेतलं. किंमत ८८ लाख, त्यातले ६० लाख कर्जाचे. ज्यांनी कर्ज काढलं आहे त्यांना तो सह्यांचा दिवस आठवत असेल. टेबलावर कागदांची चळत, पेन्सिलीने केलेल्या फुल्या, आणि "मॅडम, इथे. आता इथे. मागेपण." त्या चळतीत मध्येच एक फॉर्म आला. हा कशाचा, असं मी विचारलं. बँकेतला मुलगा हसून म्हणाला, "वो घर का इन्शुरन्स है मॅडम, लोन में ॲड हो जाता. टेन्शन नक्को." 'नक्को' हा आपल्या 'नको'चाच दखनी भाऊ. तो ऐकला की इथल्या मराठी माणसाला उगीच घरच्यासारखं वाटतं. मी सही केली.

जूनमध्ये पॉलिसीचा कागद आला. मी तो गणिताच्या पेपरसारखा वाचायला घेतला. विमाधारक : माझे यजमान. वय : ४१. वारस : मी. विमा रक्कम : दरवर्षी कर्जाबरोबर उतरत जाणारी. घराचा पत्ता फक्त पत्रव्यवहाराच्या चौकटीत. बारा पानांत भिंत नाही, छप्पर नाही, आग नाही, पाणी नाही. साहेब, तो घराचा विमा नव्हता. तो माझ्या नवऱ्याचा विमा होता.

आणि स्वस्तही नव्हता. एकरकमी हप्ता १ लाख ६० हजार, तोही कर्जात मिळवलेला. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षं फेडायचा म्हणजे महिन्याला साधारण १,३९० रुपये. २४० महिन्यांचे झाले ३ लाख ३३ हजारांच्या वर. नववीच्या वर्गात चक्रवाढ व्याज शिकवताना मी आता हेच उदाहरण फळ्यावर घालते. मुलं हसतात.

कर्ज डोक्यावर असताना कमावत्या माणसाचा विमा असावा, यावर माझं दुमत नाही. तो वेगळा, साधा मुदतीचा विमा म्हणून घेता येतो, चार ठिकाणी भाव विचारता येतो. माझी तक्रार नावाबद्दल आहे. घर जळालं, माणसं देवदयेने वाचली, तर या कागदातून एक रुपया मिळणार नाही, आणि तरीही माझ्या ओळखीतली निम्मी नवी घरं याच कागदाला 'घराचा विमा' समजून तो लॉकरमध्ये ठेवून निर्धास्त आहेत. मी शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारून पाहिलं. कर्ज असलेल्या सात जणींपैकी पाच जणींकडे जीवनविमाच निघाला. सहाव्या बाईंना काय आहे तेच माहीत नव्हतं. (सातवीचा नवरा विमा कंपनीत आहे.)

मी बँकेत गेले. तेव्हा मला दुसरा कागद दाखवला गेला, यावेळी खरोखरच घराचा. पण विमा रक्कम लिहिली होती ६० लाख. का? तर कर्ज ६० लाख म्हणून. कर्जाचा आकडा आणि घर पुन्हा बांधण्याचा खर्च यांचा एकमेकांशी काय संबंध? आम्ही ८८ लाख दिले त्यात जमिनीतला अविभक्त हिस्सा आहे, इथे सगळे त्याला यूडीएस म्हणतात. त्यात मेट्रो जवळ असल्याचा भाव आहे, कंपन्या जवळ असल्याचा भाव आहे. जमीन जळत नाही आणि मेट्रो वाहून जात नाही. जळतं, तडकतं, भिजतं ते बांधकाम. आमचं कार्पेट क्षेत्र १,१२० चौरस फूट. सध्याचा बांधकामाचा खर्च फुटाला अडीच हजार धरला तर २८ लाख होतात. नुकसान झालं तर कंपनी खर्चाइतकेच पैसे देणार. मग ६० लाखांवर हप्ता कशासाठी भरायचा? बाजारभावाइतका विमा देणाऱ्या वेगळ्या पॉलिसी काही कंपन्या विकतात, पण त्या मागून घ्याव्या लागतात आणि त्यांच्या अटी वेगळ्या असतात. मला दाखवलेली ती नव्हती.

या सगळ्या वणवणीत मला तुमची पॉलिसी सापडली. तुमचीच म्हणते, कारण ती तुमच्या आदेशाने जन्मली: 'भारत गृह रक्षा'. १ एप्रिल २०२१ पासून ती सगळीकडे एकसारख्या शब्दांत मिळते. आणि सांगते साहेब, ती चांगली आहे. मनापासून सांगते. बांधकामाची रक्कम काढायची रीत तिच्यात सरळ दिली आहे: कार्पेट क्षेत्र गुणिले चालू बांधकाम खर्च. म्हणजे मी वर केलं तेच. त्या रकमेच्या २० टक्क्यांइतका, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाचा विमा आपोआप मिळतो, यादी न देता. आमच्या बाबतीत ५ लाख ६० हजार. फ्रिज, वॉशिंग मशिन, कपाटं, पलंग, कपडे, भांडी सगळं त्यात. दहा वर्षांपर्यंत एकदम घेता येते, आणि अशा लांब मुदतीत बांधकामाची रक्कम दरवर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते. ढिगारा उपसायचा खर्च, आर्किटेक्टची फी, घर राहण्याजोगं नसेल तेव्हाचं दुसरीकडचं भाडं, हेही ठरावीक मर्यादेत धरलेलं आहे.

सगळ्यात मोलाची गोष्ट मात्र जाहिरातीत कुठेच दिसत नाही. जुन्या पद्धतीत समजा घर ३० लाखांचं आणि विमा २० लाखांचा काढला असेल, तर सहा लाखांच्या नुकसानीला कंपनी चारच लाख द्यायची. विमा दोन तृतीयांश म्हणून भरपाईही दोन तृतीयांश. सामान्य माणूस या अटीवर हटकून आपटायचा, आणि तेही ऐन संकटात. भारत गृह रक्षेत तुम्ही ती कात्री काढून टाकली. विमा रकमेच्या आत नुकसान असेल तर पूर्ण भरपाई. इतकी चांगली गोष्ट इतक्या गुपचूप कशी काय ठेवली?

आता ज्यांनी नुकतंच घर घेतलं त्यांच्यासाठी थोडं, कारण पॉलिसीत काय नाही हे कुणी सांगत नाही. घरफोडी नाही. चोरी फक्त तेवढीच, जी आग-पुरासारख्या घटनेमुळे आणि त्यानंतर सात दिवसांच्या आत झाली. दिवाळीत कुलूप लावून तुम्ही लातूरला गेलात आणि मागे कुणी कडी तोडली, तर मूळ पॉलिसी हात वर करते. घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. सणाला रिकाम्या होणाऱ्या या शहरात ते घ्यावंच. रोख रक्कम मूळ पॉलिसीत धरत नाहीत. वरच्या बाथरूममधून महिनोन् महिने झिरपून आलेली ओल हा विमा नाही, तो वरच्या शेजाऱ्याशी भांडण्याचा विषय आहे. पाइप किंवा टाकी अचानक फुटली तर मात्र ती धरलेली आहे.

आणि सोनं. मौल्यवान वस्तूंचं संरक्षण वेगळं मागावं लागतं. पाच लाखांपर्यंत आणि एकेक नग लाखाच्या आतला असेल तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही, अशी सवलत आहे. ती सुरू झाली तेव्हा दहा ग्रॅम सोनं पन्नास हजारांच्या आसपास होतं. या वर्षी ते लाखाच्या पार गेलं. म्हणजे तेव्हा दोन तोळ्यांपर्यंतची पाटली विनादाखला चालायची, आता एका तोळ्याची साधी साखळीही चालत नाही. आमच्याकडे मंगळसूत्रसुद्धा एका तोळ्यात बसत नाही, साहेब. सामानाची १० लाखांची कमाल मर्यादाही २०२१ चीच. बांधकामाची रक्कम दरवर्षी वाढावी हे तुम्हाला सुचलं, मग हे आकडे तिथेच का थांबले?

हे सगळं सांगायला लागलं की आमचे शेजारी म्हणतात, "हैदराबादला काय होतंय हो? समुद्र नाही, भूकंप नाही, आपण सातव्या मजल्यावर." माझ्या सासूबाई हे ऐकतात तेव्हा काही बोलत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाची रात्र सरता सरता किल्लारीला भूकंप झाला तेव्हा त्या उमरग्यात होत्या. त्या दिवसापर्यंत तो सगळा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वात निर्धोक पट्ट्यात होता. त्यानंतर बावन्न गावं नव्याने वसवावी लागली, सरकारच्या आणि जागतिक बँकेच्या पैशातून. दगडमातीच्या त्या घरांना विमा असतो हेच कुणाला माहीत नव्हतं. ४ डिसेंबर २०२४ ला सकाळी साडेसातच्या सुमाराला मुलुगू जिल्ह्यात ५.३ चा धक्का बसला तेव्हा इथे आमचा पंखा झुलला, आणि सासूबाई कुणी सांगायच्या आत जिना उतरून खाली उभ्या होत्या.

पाण्याचं तर या शहराला सांगायलाच नको. २८ सप्टेंबर १९०८ ला मुसी नदी शहरात शिरली, आणि अफझलगंजच्या एका चिंचेच्या झाडावर चढून दीडशे माणसं वाचली असं सांगतात. ते झाड उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात आहे. पुढे उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले आणि मुसीचा विषय संपला असं आम्हाला वाटलं. यंदाच्या सप्टेंबरअखेरीस त्याच दोन तलावांचे दरवाजे उघडले आणि इमलीबनच्या महात्मा गांधी बसस्टँडमध्ये रात्री प्रवासी पाण्यात अडकले. माझ्या आजोळापासून तो स्टँड चालत दहा मिनिटांवर. सप्टेंबर २०१६ मध्ये निजामपेटच्या भंडारी लेआउटमध्ये इमारतींचे सेलर (तळघरं) पाण्याने भरले. १३ ऑक्टोबर २०२० ला बेगमपेटला चोवीस तासांत १९ सेंटिमीटरच्या आसपास पाऊस पडला. दोन-चार दिवसांनी पुन्हा कोसळला आणि बालापूरच्या गुर्रम चेरुवुचा बांध फुटून हाफिज बाबा नगरात घरंच्या घरं बुडाली. सरकारने पूरग्रस्त कुटुंबाला दहा हजार रुपये देऊ केले, त्यासाठी लांबच लांब रांगा लागल्या आणि महापालिकेच्या निवडणुकीमुळे वाटप मध्येच थांबलं. दहा हजारात फ्रिज येत नाही. त्या रांगेतल्या भाडेकरूंनाही फक्त सामानाचा विमा काढता आला असता, घर स्वतःचं असावं लागत नाही. हे त्यांना कोण सांगणार होतं?

सातव्या मजल्याबद्दल इतकंच : १३ नोव्हेंबर २०२३ ला नामपल्लीच्या बाजारघाटमध्ये राहत्या इमारतीच्या तळाशी साठवलेल्या रसायनांनी पेट घेतला आणि वरच्या मजल्यांवरची नऊ माणसं गेली. आपल्या खाली कुणी काय साठवलंय, हे घर घेताना आपण विचारत नाही.

अजून एक धोका असा आहे ज्याला कुठल्याच कंपनीत विमा नाही. हैदराबादची बरीच नवी वस्ती जुन्या चेरुवु-कुंट्यांच्या, म्हणजे तळ्यांच्या, काठावर उभी आहे. तळं पूर्ण भरल्यावरची रेषा, एफटीएल, कुठून जाते हे दलाल सांगत नाही. २०२४ च्या जुलैमध्ये हैड्रा ही अतिक्रमणं हटवणारी सरकारी यंत्रणा स्थापन झाली आणि त्यानंतर बुलडोझर कुठे कुठे फिरले ते सगळ्यांनी पाहिलं. सरकारी आदेशाने पाडलेल्या घराला गृहविमा भरपाई देत नाही. इथल्या महानगर विकास प्राधिकरणाने, एचएमडीएने, तळ्यांचे नकाशे वेबसाइटवर ठेवले आहेत. टोकन देण्याआधी ते बघा, विम्याचा विचार त्यानंतर.

मी शेवटी काय केलं? एका सर्वसाधारण विमा कंपनीकडून भारत गृह रक्षा घेतली, २८ लाखांची, वर घरफोडी जोडून. वर्षाला अडीच हजारांच्या आत बसलं. बँकेचं नाव पॉलिसीवर आहेच, म्हणजे मोठं नुकसान झालं तर पैसे आधी कर्जात वळते होणार. तेही कुणी आपण होऊन सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा कळलं. एका रविवारी मुलीने मोबाइलवर सगळ्या खोल्यांचा, कपाटं उघडून, व्हिडिओ काढला आणि बिलांचे फोटो मामाला पाठवून ठेवले. घराचे कागद घरातच जळाले तर दावा कशाच्या आधारावर करणार, हा प्रश्न तिचा.

मग लक्षात आलं की आमचा फ्लॅट विमा उतरवलेला, पण त्याला धरून ठेवणारे खांब, जिना, लिफ्ट, ट्रान्सफॉर्मर, जनरेटर यांचा विमा कुणाच्याच नावावर नाही. बहात्तर फ्लॅटची इमारत. उद्या काही झालं तर मी माझा सातवा मजला हवेत बांधून घेऊ का? असोसिएशनच्या सेक्रेटरींनी आधी उडवून लावलं, "मॅडम, लिफ्टचं एएमसी आहे ना." मग मी फळा मागितला.

साहेब, तुमच्याकडे माझं मागणं फार मोठं नाही. बँकेने घर विम्याने सुरक्षित ठेवा म्हणावं, ते रास्त आहे. पण अमुकच विमा घ्या, आमच्याकडूनच घ्या, अशी सक्ती करता येत नाही हे तुमच्याच नियमांत आहे. तो नियम सह्यांच्या टेबलापर्यंत पोचत नाही. त्यासाठी एकच पान पुरेल, स्थानिक भाषेत, मोठ्या अक्षरात : 'हा विमा माणसाचा आहे' किंवा 'हा विमा घराचा आहे', त्याखाली रक्कम, हप्ता, आणि कर्जात मिळवल्यास एकूण किती पडेल तो आकडा. त्या पानावर वेगळी सही. आरोग्य विम्याचं माहितीपत्रक मागितल्यास स्थानिक भाषेत द्या, असं तुम्ही सांगितलंत. घराच्या विम्याचं जे माझ्या हाती आलं ते इंग्रजीत होतं. इथे तेलुगू हवं, उर्दू हवं, आणि काचीगुड्यासाठी थोडं मराठीही चालेल. सोन्याची आणि सामानाची मर्यादा दर दोन-तीन वर्षांनी बघा. जीएसटीचा निर्णय तुमच्या हातात नाही हे मला कळतं, पण २२ सप्टेंबरपासून वैयक्तिक जीवन आणि आरोग्य विम्यावरचा कर शून्य झाला आणि घराच्या विम्यावर १८ टक्के तसाच राहिला. २०४७ पर्यंत सगळ्यांना विमा असं तुमचं घोषवाक्य आहे, तेव्हा दिल्लीला एक पत्र तुम्हीही लिहा.

माझी त्या पहिल्या विम्याची तक्रार बँकेकडे लेखी दिली आहे. उत्तर आलं नाही तर तुमचं 'बिमा भरोसा' हे तक्रारींचं पोर्टल आहे, आणि त्यापुढे लकडी का पुलावर विमा लोकपालांची कचेरी, तिथे फी लागत नाही.

येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता आमच्या सेलरमध्ये असोसिएशनची सभा आहे. विषय चौथा, इमारतीचा विमा. बहात्तरपैकी किती जणांकडे खरोखरच घराचा विमा आहे, हे मी हात वर करायला सांगून मोजणार आहे. तुमच्या कचेरीतून कुणी आलं तर बरं होईल. खुर्च्या आहेत.

आपली,
एक नवी घरमालकीण